खासदाराचं मत कुठं सापडतं आणि ते कसं वाचायचं

प्रश्न विचारणाऱ्या ताई तासगाव भागातल्या एका गावाचं वाचनालय बघतात. वाचनालयात येणाऱ्या मुलांनी ठरवलं की आपल्या खासदारांनी देशाच्या मोठ्या प्रश्नांवर कुठल्या बाजूनं मत दिलं, याचा तक्ता करून भिंतीवर लावायचा. शोधायला बसल्यावर हजेरी मिळाली, विचारलेल्या प्रश्नांची संख्या मिळाली, भाषणांचे व्हिडिओही मिळाले. मत काही मिळेना. ताई विचारतात, 'ही माहिती दडवलेली असते का? आणि मिळालीच, तर तिच्यावरून खासदाराबद्दल काय ठरवायचं?'

मी बरीच वर्षं दिल्लीत खासदारांच्या कार्यालयांत विधेयकांची टिपणं काढायचं काम केलं. आता कराडला असतो. या प्रश्नाचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं, कारण अर्धवट माहितीवर केलेला तक्ता खासदारावरही अन्याय करतो आणि गावावरही.

पहिली गोष्ट, माहिती कुणी दडवत नाही. बहुतेक वेळा ती तयारच होत नाही. लोकसभेत विधेयक मताला टाकलं की अध्यक्ष आधी आवाजी मतदान घेतात. बाजूचे 'होय' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, अध्यक्ष कानाला जे वाटलं त्यावर निर्णय सांगतात. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो आणि विषय पुढं सरकतो, तसंच हे. कोण काय म्हणालं, कोण गप्प बसलं, याची नावानिशी नोंद कुठंच होत नाही. त्यामुळं माहिती अधिकारात अर्ज करूनही ती मिळणार नाही. तो कायदा असलेली माहिती देतो, नसलेली तयार करून देत नाही.

नाव नोंदवलं जातं ते मतविभाजन झालं तरच. अध्यक्षांच्या निर्णयाला एखाद्या सदस्यानं आव्हान दिलं की लॉबी (सभागृहालगतच्या मार्गिका) मोकळ्या करण्याचा आदेश निघतो, संसदभर घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी दारं बंद होतात आणि प्रश्न पुन्हा मताला टाकला जातो. पुन्हा आव्हान आलं तर यंत्रानं किंवा चिठ्ठ्यांनी मतं घेतात. यात एक पळवाट आहे, आणि ती मुलांना जरूर सांगा. लोकसभेच्या नियम 367 प्रमाणं, मतविभाजनाची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना फक्त जागेवर उभं राहायला सांगू शकतात. डोकी मोजली जातात, निकाल जाहीर होतो, नावं मात्र नोंदवली जात नाहीत.

याचा परिणाम काय होतो ते शेतीच्या तीन कायद्यांवरून बघा. लोकसभेत सप्टेंबर 2020 मध्ये ती विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. त्यांतली दोन 20 सप्टेंबरला राज्यसभेत आली. विरोधी सदस्य मतविभाजन मागत होते, प्रचंड गोंधळ चालू होता, आणि उपसभापतींनी आवाजी मतदानानंच ती मंजूर झाल्याचं जाहीर केलं. मागणी करणारे आपल्या जागेवर नव्हते, असं नंतर सांगण्यात आलं. विरोधकांना ते मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. पुढं वर्षभर आंदोलन चाललं आणि 29 नोव्हेंबर 2021 रोजी दोन्ही सभागृहांत चर्चेविना, पुन्हा आवाजी मतदानानंच, तिन्ही कायदे मागे घेण्याचं विधेयक मंजूर झालं. म्हणजे कायदे आले तेव्हा आणि गेले तेव्हाही तुमच्या खासदाराच्या नावापुढं काही लिहिलं गेलं नाही. बाजार समितीत हळद आणि बेदाणा विकणाऱ्या सांगलीच्या शेतकऱ्याशी इतका थेट संबंध असलेला दुसरा कायदा गेल्या दहा वर्षांत क्वचितच आला असेल, आणि तक्त्यात त्याचाच रकाना रिकामा राहणार. तो रिकामाच ठेवा, पण 'आवाजी मतदान, नोंद नाही' असं त्यात स्पष्ट लिहा. पक्षाच्या भूमिकेवरून अंदाजानं 'बाजूनं' किंवा 'विरोधात' भरू नका.

ऑगस्ट 2023 मधल्या अविश्वास ठरावाचंही असंच झालं. तीन दिवस चर्चा झाली, विरोधकांनी सभात्याग केला आणि 10 ऑगस्टला ठराव आवाजी मतदानानं फेटाळला गेला. जून 2024 मध्ये अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार असूनही विरोधकांनी मतविभाजनाचा आग्रह धरला नाही. उलट जुलै 2018 च्या अविश्वास ठरावावर मतविभाजन झालं होतं, 126 विरुद्ध 325.

मग नक्की नावं कुठं मिळतात? घटनादुरुस्ती असेल तिथं हमखास. घटनेच्या कलम 368 प्रमाणं अशा विधेयकाला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतात. आवाजावरून हे ठरत नाही, मोजावंच लागतं. म्हणून तक्त्याचा पाया घटनादुरुस्त्यांवर घाला. जानेवारी 2019 मध्ये आर्थिक दुर्बल घटकांना 10 टक्के आरक्षण, लोकसभेत 323 विरुद्ध 3. ऑगस्ट 2021 मध्ये मागास प्रवर्गांच्या याद्या ठरवण्याचा अधिकार राज्यांना परत देणारी दुरुस्ती, 385 विरुद्ध शून्य. 20 सप्टेंबर 2023 ला महिला आरक्षण, 454 विरुद्ध 2. त्याला जोड म्हणून काही साध्या विधेयकांवरही मतविभाजन झालं आहे: डिसेंबर 2019 चं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक, 311 विरुद्ध 80, एप्रिल 2025 चं वक्फ दुरुस्ती विधेयक, 288 विरुद्ध 232.

यातल्या 2021 च्या दुरुस्तीवर थोडं थांबतो, कारण सांगली आणि सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो प्रश्न घराघरात आहे. 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाचा राज्याचा कायदा रद्द केला, आणि 102 व्या घटनादुरुस्तीनंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार उरला नाही, असाही अर्थ लावला. तो अधिकार परत देण्यासाठी ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली. विरोधात एकही मत नाही. नुसतं मत मांडलं तर तक्त्यात सगळ्यांच्या नावापुढं तेच येईल आणि सगळे सारखेच दिसतील. प्रत्यक्षात सभागृहातला खरा वाद वेगळ्याच मुद्द्यावर होता. आरक्षणावरची 50 टक्क्यांची मर्यादा उठवल्याशिवाय या अधिकाराचा मराठा समाजाला काय उपयोग, असा सवाल अनेक पक्षांच्या सदस्यांनी केला. ती मर्यादा उठवण्याचा विषय या दुरुस्तीत नव्हताच. त्यामुळं इथं तुमच्या खासदाराचं मत बघून भागणार नाही. तो चर्चेत बोलला का, बोलला तर मर्यादेबद्दल काय म्हणाला, हे काढा. आणि 385 हा आकडा 543 च्या सभागृहातला आहे. विरोधात कुणी नव्हतं, पण म्हणून सगळे बाजूनं होते असं होत नाही. बरेच त्या दिवशी मतदानालाच नव्हते. आपला खासदार 385 मध्ये आहे का, हे नाव वाचूनच बघावं लागतं.

आता कागद. संसदेच्या संकेतस्थळावर रोजच्या कामकाजाचा शब्दशः वृत्तांत असतो. मतविभाजन झालं असेल तर त्यात 'होय', 'नाही' आणि तटस्थ अशा याद्या नावानिशी छापलेल्या असतात. शोधताना तारखेची एक गल्लत नेहमी होते. बैठक मध्यरात्रीनंतर चालली तरी वृत्तांत ती ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवसाचा. वक्फ विधेयक लोकसभेत मंजूर झालं ते 3 एप्रिलच्या पहाटे, पण कागद 2 एप्रिल 2025 च्या बैठकीत सापडेल. नागरिकत्व विधेयकाचंही तसंच, 9 डिसेंबर 2019 ची बैठक उघडा.

यादी सापडली की तिच्याखालच्या तळटिपा वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. अध्यक्ष निकाल सांगताना 'दुरुस्तीच्या अधीन राहून' असं म्हणतात, आणि त्याला अर्थ आहे. कुणाचं बटण चालत नाही, कुणी चुकीचं दाबतं, कुणी दुसऱ्याच्या जागेवर बसलेला असतो. असे सदस्य चिठ्ठी देऊन मत नोंदवतात किंवा दुरुस्त करून घेतात, आणि ती नावं खाली वेगळी छापली जातात. याचं मोठं उदाहरण 17 डिसेंबर 2024 चं आहे. 'एक देश, एक निवडणूक' यासाठीचं 129 वं घटनादुरुस्ती विधेयक मांडू द्यायचं की नाही, यावर नव्या संसद भवनातल्या लोकसभेत पहिल्यांदाच यंत्रानं मतदान झालं. फलकावर आधी 220 विरुद्ध 149 दिसलं. चिठ्ठ्या जमा झाल्यावर अंतिम आकडा 269 विरुद्ध 198 झाला. म्हणजे जवळपास शंभर सदस्यांचं मत चिठ्ठीतून आलं. त्या दुपारचं फलकाचं छायाचित्र बघून कुणी आपल्या खासदाराला गैरहजर ठरवलं असेल, तर तो त्याच्यावर अन्यायच.

याच मतदानातून मुलांना एक गणित करायला द्या. 269 आणि 198 मिळून 467. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे किमान 312. शिवाय 543 च्या सभागृहात एकूण सदस्यसंख्येचं बहुमत म्हणजे 272. मांडण्यासाठी साधं बहुमत पुरतं, म्हणून 269 वर काम झालं आणि विधेयक संयुक्त संसदीय समितीकडं गेलं. तोच आकडा अंतिम मंजुरीच्या वेळी पडला असता तर विधेयक दोन्ही कसोट्यांवर नापास झालं असतं. भाजपनं त्या दिवशी तीन ओळींचा पक्षादेश (व्हिप, म्हणजे हजर राहून पक्ष सांगेल तसंच मत द्या हा सक्तीचा हुकूम) काढला होता आणि तरी सुमारे वीस खासदार नव्हते, अशा बातम्या आल्या होत्या. घटनादुरुस्तीच्या वेळी गैरहजेरीला किती वजन असतं, ते या आकड्यांतून दिसतं.

पक्षादेशाचा विषय आलाच आहे. 'यावरून काय ठरवायचं?' या तुमच्या प्रश्नाची खरी मेख तिथंच आहे.

1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीनं घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली. पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या सदस्यानं पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, आधी परवानगी घेतली नव्हती आणि पक्षानं पंधरा दिवसांत ते माफही केलं नाही, तर त्याची खासदारकी जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं 1992 मध्ये हा कायदा वैध ठरवताना असंही म्हटलं की हा धाक सरकार टिकण्या-पडण्याचा प्रश्न असेल किंवा पक्षाच्या मूळ धोरणाचा, तिथंच वापरावा. प्रत्यक्षात पक्षादेश जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या विधेयकावर निघतात. मी जिथं काम केलं तिथं अधिवेशनात सकाळी प्रतोदाच्या, म्हणजे पक्षादेश काढणाऱ्या सदस्याच्या, कार्यालयातून कागद यायचा. खाली तीन ओळी मारलेल्या असल्या की त्या दिवशी आमच्या टिपणाचा मतावर काही परिणाम होणार नाही, हे सगळ्यांना कळायचं. विधेयकाबद्दल मनात शंका असलेले सदस्यही गुमान बटण दाबून यायचे. संध्याकाळी जेवताना मात्र तेच सदस्य मोकळेपणानं बोलायचे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पक्षाच्या खासदाराचं पक्षाच्या बाजूचं मत हा त्याच्या विवेकाचा पुरावा होत नाही. तो पक्षाच्या निर्णयाचा पुरावा असतो. त्यावरून पक्षाला धारेवर धरा, जरूर धरा. खासदाराची स्वतःची ओळख बघायची तर पक्षादेश नसलेल्या जागा शोधा: चर्चेतलं भाषण, सुचवलेल्या दुरुस्त्या, समितीच्या अहवालाला जोडलेलं मतभेदाचं टिपण, खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्यानं स्वतः मांडलेलं). हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी 2018 मध्ये शेतकऱ्यांना कर्जमुक्तीचा आणि हमीभावाचा हक्क देणारी दोन खासगी विधेयकं लोकसभेत मांडली. ती मताला आलीच नाहीत. खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण 1970 चं आहे. तरी खासदाराला स्वतःहून काय हवं होतं, ते या कागदावरून कळतं.

आणि इथं ताईंच्या मतदारसंघाची गोष्ट वेगळी आहे. त्याबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे. सांगलीचे विद्यमान खासदार विशाल पाटील 2024 मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. निकालानंतर त्यांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं. पण पाठिंबा देणं आणि पक्षात जाणं यांत कायदा फरक करतो. निवडणुकीनंतर अपक्ष सदस्य एखाद्या पक्षात गेला, तर दहाव्या अनुसूचीप्रमाणं त्याचं सदस्यत्वच जातं. पाठिंबा दिल्यानं ते जात नाही. मात्र बाहेरून पाठिंबा देणाऱ्या अपक्षावर कुठल्याही पक्षाचा आदेश कायद्यानं बंधनकारक होत नाही. म्हणजे सांगलीच्या खासदारानं 'होय' म्हटलं, 'नाही' म्हटलं, तटस्थ राहिला किंवा आलाच नाही, तरी निर्णय त्याचा स्वतःचा. 'पक्षादेश होता हो' ही सबब त्याला नाही. आपल्या भागात मताच्या नोंदीवरून थेट माणसाबद्दल काही म्हणता येईल, असा हा एकच मतदारसंघ आहे. तक्त्यात या रकान्याला वेगळा रंग द्या. याच जागेवर 2014 आणि 2019 मध्ये भाजपचे संजयकाका पाटील होते. त्यांच्या काळातली मतं वाचताना पक्षादेश लक्षात घ्यावा लागेल. दोघांची नुसती तुलना करू नका.

आणखी एक सावधगिरी. सांगली जिल्हा आणि सांगली लोकसभा एक नाहीत. वाळवा आणि शिराळा हे तालुके हातकणंगले लोकसभेत जातात. साताऱ्यातले फलटण आणि माण हे तालुके माढा लोकसभेत. वाचनालयाच्या मुलांपैकी कुणाचं आजोळ इस्लामपूरला असेल, तर त्या आजोबांचा खासदार वेगळा. त्यातही हातकणंगल्याला धैर्यशील माने आणि माढ्याला धैर्यशील मोहिते-पाटील. यादी नुसत्या पहिल्या नावावरून चाळली तर एकाचं मत दुसऱ्याच्या नावावर जाईल. मतदारसंघाचं नाव आणि पक्ष पडताळूनच उतरवा.

साताऱ्याचा तक्ता करणाऱ्यांना तर तीन वह्या उघडाव्या लागतील. उदयनराजे भोसले 2019 मध्ये राष्ट्रवादीकडून लोकसभेवर निवडून आले, त्याच सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांच्याकडून हरले, 2020 मध्ये भाजपकडून राज्यसभेवर गेले आणि 2024 मध्ये पुन्हा लोकसभेवर आले. म्हणजे ऑगस्ट 2019 मधलं जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेचं विधेयक आलं तेव्हा साताऱ्याच्या लोकसभा जागेवर उदयनराजे, राष्ट्रवादीचे. डिसेंबरमध्ये नागरिकत्व विधेयक आलं तेव्हा त्या जागेवर श्रीनिवास पाटील. महिला आरक्षण आलं तेव्हा लोकसभेत श्रीनिवास पाटील आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत सदस्य म्हणून उदयनराजे. माणसाचा तक्ता करायचा की मतदारसंघाचा, हे आधी ठरवा. माझा सल्ला, गावासाठी मतदारसंघाचा करा. प्रत्येक मतदानाच्या दिवशी आपल्या जागेवर कोण होतं आणि कुठल्या पक्षाचं, एवढं एक ओळीत लिहिलं की गोंधळ होत नाही.

गैरहजर, तटस्थ आणि सभात्याग या तीन गोष्टी एका रकान्यात घालू नका. तटस्थ सदस्य हजर असतो आणि तसं नोंदवतो, त्याचं नाव यादीत येतं. सभात्याग करणारा नोंदीत गैरहजर दिसतो, पण ती राजकीय भूमिका असते. आणि खरा गैरहजर आजारी असू शकतो, परदेशी असू शकतो किंवा सोयीनं टाळलेलाही असू शकतो. शिवसेनेनं डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व विधेयकाला लोकसभेत पाठिंबा दिला, आणि राज्यसभेत मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर राहिली. एकच पक्ष, एकच विधेयक, मधे दोन दिवस. यादीतली नुसती गैरहजेरी वाचणाऱ्याला यातलं काही कळणार नाही, त्या दिवशीची भाषणं वाचावी लागतील. जम्मू-काश्मीरच्या आणि वक्फच्या मतदानाचं वाचन करतानाही हाच नियम.

हजेरीचे आकडे तुम्हाला सहज मिळाले, कारण ते मोजायला सोपे आहेत. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था ते फार नीट ठेवते, प्रश्नांची आणि चर्चांची संख्याही देते. पण हजेरी म्हणजे फक्त आल्याची नोंद. ती करून सदस्य बाकीचा वेळ दुसरीकडं असू शकतो. मंत्र्यांना तर ती नोंदही करावी लागत नाही. प्रश्नांच्या संख्येचंही तसंच, ते बहुतेक वेळा कार्यालयातली मुलं तयार करतात. मी स्वतः ते काम केलंय, म्हणून सांगतो. प्रश्न मोजू नका, चार-पाच प्रश्न उघडून वाचा. टेंभू आणि म्हैसाळच्या पाणी योजना, अलमट्टी धरणाची उंची, कृष्णेचा पूर, बेदाणा, यांबद्दल काही विचारलं आहे का, आणि उत्तर आल्यावर पुन्हा पाठपुरावा केला का, ते बघा.

राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान गुप्त असतं. तिथं खासदाराचं मत कुणालाच मिळणार नाही, शोधू नका.

अर्थसंकल्पाबद्दल थोडक्यात. अनुदानाच्या (म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाच्या) बहुतेक मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकत्र मताला टाकतात. मार्च 2018 मध्ये तर गोंधळात सगळा अर्थसंकल्पच अर्ध्या तासाच्या आसपास आवाजी मतदानानं मंजूर झाला. विरोधकांच्या कपात सूचनांवर कधी मतविभाजन झालंच तर ते जरूर टिपा, एरवी हा रकाना ठेवून उपयोग नाही.

आता ज्याच्यावर आपल्याकडं सगळ्यात जास्त बोललं जातं ते, म्हणजे ऊस. तुमच्या मुलांना तक्त्यात उसाचा रकाना हवा असणार. तो भरता येणार नाही, आणि का भरता येणार नाही हे समजणं हेच मोठं शिक्षण आहे. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, ठरते 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली, केंद्रीय मंत्रिमंडळाच्या निर्णयानं. तो आदेश निघाला 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातून. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला, तोही सरकारी आदेशानं. 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली आणि आठवड्याभरात ती काहीशी सैल केली. कारखान्यांनी आसवनीवर कर्ज काढून पैसा घातलेला, हंगाम ऐन भरात, आणि एका पत्रावर गणित फिरलं. यातल्या एकाही निर्णयावर लोकसभेत मत पडलं नाही. साखरेची निर्यात बंद होते, कांद्यावर शुल्क लागतं, तेही अधिसूचनेनं. खासदार बाजूनं होता की विरोधात, हा प्रश्नच तिथं उभा राहत नाही. तिथं विचारायचं ते असं: आदेश निघाल्यावर त्यानं शून्य प्रहरात (तातडीचे विषय मांडायच्या वेळेत) विषय काढला का, मंत्र्याला पत्र दिलं का, पत्राचं उत्तर काय आलं? पत्राची प्रत मागा. 'मी मंत्र्यांना भेटलो' याचा फोटो पुरेसा धरू नका.

आपल्या मातीतला एक संदर्भ देतो. साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण यांनी विरोधी पक्षनेते म्हणून जुलै 1979 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. तो मताला येण्याआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. साताऱ्याच्या खासदाराच्या ठरावानं सरकार गेलं, आणि त्या ठरावावर मतदानाची नोंद म्हणून एक ओळही नाही. खासदाराचं सगळं वजन मतांच्या यादीत मावत नाही, हे मुलांना समजवायला यापेक्षा जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

तरीही मताची मागणी सोडायची नाही. आवाजी मतदानानं झाकलेली मतं उघडी करायचा अधिकार खासदाराकडंच आहे, मतविभाजन मागून. म्हणून तक्ता करताना खासदारांना एक पत्र लिहा, गावाच्या वाचनालयाच्या नावानं, शक्य तितक्या लोकांच्या सह्या घेऊन. अधिवेशनाआधी सरकार कोणती विधेयकं आणणार याची यादी लोकसभेच्या बुलेटिनच्या दुसऱ्या भागात येते. त्यातली आपल्या भागाला लागू पडणारी दोन-तीन निवडा. पत्रात तीनच गोष्टी विचारा: या विधेयकावर तुम्ही कुठल्या बाजूनं मत देणार, आवाजी मतदान झालं तर मतविभाजन मागणार का, आणि मागच्या अमुक तारखेच्या मतदानात तुमचं नाव कुठल्याच यादीत दिसत नाही, त्या दिवशी काय झालं? मतदानानंतर विचारलं की समर्थन ऐकायला मिळतं. आधी विचारलं तर खासदाराला निदान विधेयक वाचावं लागतं, आणि गावाचं पत्र आलेलं असलं की त्याच्या कार्यालयातलं कुणीतरी टिपण काढतं. दिल्लीत माझ्या टेबलावर अशी पत्रं फार क्वचित यायची. रस्ता, बदली, रेल्वेचं आरक्षण, दवाखान्याची शिफारस, यांची मात्र रास असायची. विधेयकावरचं एखादं पत्र आलंच, तर ते आम्ही थेट खासदारांच्या हातात द्यायचो.

पक्षाच्या खासदाराला पत्र लिहीत असाल तर शेवटी आणखी एक ओळ घाला: पक्षाच्या बैठकीत तुम्ही या विधेयकावर काय भूमिका मांडली? बांधील मतापेक्षा या उत्तराला जास्त किंमत आहे.

तक्ता तयार झाला की भिंतीवर लावण्याआधी त्याची प्रत खासदारांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. काही चुकलं असेल तर पंधरा दिवसांत लेखी कळवा, म्हणून सांगा. दुरुस्ती आली तर वृत्तांताच्या पानाशी ताडून मगच बदल करा, नुसत्या फोनवर नको. प्रत्येक रकान्याखाली बैठकीची तारीख आणि वृत्तांतातला पान क्रमांक बारीक अक्षरात लिहा, म्हणजे कुणी वाद घातला तर मुलांना तिथल्या तिथं कागद दाखवता येईल. अडलं तर यादीचं पान पाठवा, मी बघून देईन.